खेळण्यातली गाडी आणि गॅरेजातला उस्ताद

बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी घरी पाहुणे होते. जेवणं झाल्यावर नात्यातले एक बुजुर्ग बैठकीतल्या काचेच्या कपाटापाशी जाऊन उभे राहिले. त्यात मी बनवलेल्या आठ-दहा छोट्या गाड्या मांडलेल्या आहेत. त्यांतली काळी-पिवळी टॅक्सी त्यांनी हातात घेतली. लांबी वीतभरही नाही. डाव्या बाजूला बोनेटजवळ मीटर, टपावर सामानाचं कॅरिअर, आत रेक्झिनच्या सीट आणि आरशाला लटकवलेली तसबीह. "कितने को ली?" त्यांनी विचारलं. विकत घेतली नाही, घरीच केली, असं सांगितल्यावर ते खूश झाले. "क्या हाथ है! इसको बोलते हुनर," असं म्हणत त्यांनी ती बैठकीतल्या सगळ्यांना फिरवून दाखवली.

दहा मिनिटांनी चहा आला आणि विषय माझ्या भाच्यावर घसरला. नववीत गणितात तो काठावर पास झालाय. तेच बुजुर्ग म्हणाले, "पढता नै तो गॅरेज में डालो. हाथ काले होंगे तो अकल आएगी."

भाचा तिथेच बसलेला होता. त्या टॅक्सीचं कॅरिअर आणि मीटर त्याने बनवलंय, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. माझ्या अब्बांनी कुर्ल्याच्या एका गॅरेजात तीसेक वर्षं डेंटिंग-पेंटिंग केलं, त्याच काळ्या हातांनी आम्हा दोघा भावंडांना शिकवलं आणि या क्षणी ते आतल्या खोलीत पडून हे सगळं ऐकताहेत, याचीही आठवण करून द्यायला हवी होती. मी काहीच बोललो नाही. सणाच्या दिवशी वाद कशाला, असं मनाशी म्हटलं आणि चहा प्यायलो. भाचा उठून बाहेर गेला.

त्या दिवशी जे बोललो नाही, ते आता लिहितो आहे. हाताचं जे कौशल्य काचेच्या कपाटात दिसलं की आपण वाहवा करतो, तेच गॅरेजात दिसलं की आपल्याला शिक्षा का वाटतं? माझा प्रश्न एवढाच आहे.

आधी हा छंद काय आहे ते थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळांना तो खेळण्यांचा शौक वाटतो. खेळण्यातली गाडी गाडीसारखी दिसली की पुरते. स्केल मॉडेलमध्ये प्रत्येक भाग मूळ गाडीपेक्षा एकाच ठरावीक पटीने लहान असावा लागतो. १:२४ म्हणजे खऱ्या गाडीच्या २४ मिलिमीटरला मॉडेलमध्ये १ मिलिमीटर. फूट-इंचाच्या हिशेबात एका फुटाला अर्धा इंच. जपानी आणि युरोपीय किट बहुतेक १:२४ मध्ये मिळतात, अमेरिकी किट १:२५ मध्ये. कपाटात ठेवायच्या धातूच्या तयार गाड्या १:१८ किंवा १:४३ च्या असतात आणि मुलं खिशात घालून फिरतात त्या साधारण १:६४ च्या.

किटच्या खोक्यात प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले शंभर-सव्वाशे सुटे भाग असतात. ते साबणाच्या पाण्याने धुवायचे, कारण साच्यातून सहज सुटावेत म्हणून लावलेलं तेल रंग धरू देत नाही. मग एकेक भाग कापायचा, साच्याच्या जोडाची रेघ पाणीपेपरने घासायची, प्रायमर द्यायचा, पुन्हा घासायचं, आणि मग रंग. चिकटवण्याचं काम त्या मानाने थोडं. एका गाडीला मला चार-पाच महिने लागतात, आणि त्यातला बहुतेक वेळ घासण्यात जातो.

टॅक्सीचं किट मात्र मला कुठेच मिळालं नाही. म्हणून ती मुळापासून बनवायला घेतली. प्रीमिअर पद्मिनी ही मूळची इटलीची फियाट ११००. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात ती बनायची. १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच जोडलेला. या शतकाच्या सुरुवातीला तिचं उत्पादन थांबलं. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असते. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्या दिवसांत वर्तमानपत्रांत पुष्कळ हळवे लेख आले. मला मात्र अब्बांचं गॅरेज आठवत होतं. दरवर्षी आरटीओच्या पासिंगआधी टॅक्सीवाले गाडी घेऊन यायचे. पोचे काढायचे, पुट्टी भरायची, काळा मारायचा, टपाला पिवळा मारायचा. पासिंगची तारीख टळत नसे, म्हणून रात्री बारापर्यंत काम चाले. अब्बांनी अशा किती टॅक्सी रंगवल्या, याचा हिशेब त्यांच्याकडेही नाही. त्यांतली एक तरी घरात असावी असं वाटलं.

ओळखीच्या एकाकडे एक जुनी पद्मिनी उभी होती. भाच्याला घेऊन गेलो आणि टेप लावून ती मोजून आणली. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर २३४० मिलिमीटर. गुणोत्तर-प्रमाणाचं प्रकरण या पोराला वर्गात नकोसं होतं. पण इथे त्याने वहीत २३४० ला २४ ने भागून साडेसत्त्याण्णव काढले. १४ इंची रिमचे मिलिमीटर केले, त्याला २४ ने भागलं, आणि १४.८ च्या जवळचं चाक माझ्या जुन्या किटांच्या डब्यातून शोधून काढलं. मी मुद्दाम काही बोललो नाही. दोन दिवसांनी त्यानेच विचारलं, "मामू, ये तो वोच है ना, त्रैराशिक?"

सागाच्या ठोकळ्यावर बॉडीचा आकार कोरला. तापवून मऊ केलेला प्लास्टिकचा पत्रा त्यावर टाकून घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरने खालून हवा ओढली, म्हणजे पत्रा ठोकळ्याला घट्ट बसतो. सहा पत्रे वाया गेले, सातवा बसला. बंपरला आणि खिडक्यांच्या पट्ट्यांना चॉकलेटच्या वेष्टनातला चांदीचा कागद लावला. इंजिनातल्या प्लगच्या वायरी खऱ्या गाडीत सात मिलिमीटर जाड असतात, म्हणजे इथे ०.३ मिलिमीटर हव्या. त्या जुन्या इअरफोनच्या वायरीतून निघाल्या. सीटचं रेक्झिन म्हणजे रंगवलेली मास्किंग टेप. तसबीह शिवणाच्या दोऱ्याला गाठी मारून केली. तेहतीस मारायचा विचार होता, अकरावर डोळ्यांनी हात टेकले.

खरी परीक्षा रंगाची. खऱ्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून जाडी एक दशांश मिलिमीटरच्या आसपास भरते. २४ ने भागलं तर मॉडेलवर रंग चार मायक्रॉनचा हवा. एवढा पातळ थर हाताने बसत नाही. म्हणून थिनर घालून रंग पाण्यासारखा करायचा आणि मध्ये वाळू देत चार-पाच हलके हात द्यायचे. जाड मारला की ओघळतो. सुका पडला की संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत होतो. खऱ्या गाडीत दार आणि खांब यांच्यात चार-पाच मिलिमीटरची फट असते. मॉडेलमध्ये ती ०.२ मिलिमीटरची, आणि एका जाड हातात बुजून जाते. शिवाय डब्यातला निव्वळ काळा लहान वस्तूवर निर्जीव दिसतो. खरी गाडी आपण दहा-पंधरा फुटांवरून बघतो, उजेडात तिचा काळा थोडा फिकटलेला असतो. म्हणून त्यात करड्या रंगाचे दोन-चार थेंब टाकावे लागतात.

हे सगळं मी पुस्तकं वाचून, व्हिडिओ बघून, दहा वर्षांत शिकलो. टॅक्सी पूर्ण झाल्यावर अब्बांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला नाही. गाडी खिडकीपाशी नेली, उजेडात तिरकी धरली, मग डोळे मिटून उजव्या हाताचं बोट दारावरून हळूच फिरवलं. म्हणाले, "पिछले दरवाजे पे लहर है." मला काही दिसत नव्हतं. मोबाइलचा टॉर्च आडवा धरला तेव्हा कुठे दिसली. पुट्टी घासताना राहिलेला केसाएवढा उंचवटा. "काला रंग छुपाता नै, दिखाता," असं म्हणून त्यांनी गाडी परत दिली.

आपल्या घरात इतकी वर्षं काय होतं, हे मला त्या मिनिटात कळलं. खऱ्या गाडीचा पोचा डेंटर असाच शोधतो, तळहात सपाट ठेवून, डोळ्यांवर भरवसा न ठेवता. पत्रा कुठे ताणला गेलाय, कुठे ठोकला तर दुसरीकडे उठेल, किती तापवला तर बसेल, हे त्याच्या हाताला माहीत असतं. रंगाच्या डब्यात दुसरे रंग किती टाकले की पाच वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या रंगाशी जुळेल, हे अब्बा नजरेने ठरवत. हे ज्ञान आहे. त्याची परीक्षा झाली नाही आणि त्याला प्रमाणपत्र मिळालं नाही, एवढाच फरक. मी बँकेत नोकरी करतो, सुट्टीच्या दिवशी हजारो रुपये खर्चून त्याच ज्ञानाचा एक बारीकसा तुकडा शिकतो, आणि लोक मला कलाकार म्हणतात. अब्बांना कोणी कलाकार म्हटलेलं मी ऐकलं नाही. "ए पेंटर" मात्र ऐकलंय.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात. दोन्ही घरातलेच.

पहिला फिजूलखर्चीचा. एक चांगलं किट तीन-चार हजारांच्या घरात जातं, रंग आणि हत्यारं वेगळी. एवढ्या पैशात कोणाच्या तरी मुलाची शाळेची पुस्तकं आली असती, असं मला सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे. या छंदाला खरेदीचा रोग आहे, हेही मान्य करतो. खोकी विकत घेऊन माळ्यावर रचून ठेवणारे, पाकीट न फोडता छोट्या गाड्या जमवून चढ्या भावाने विकणारे, असे पुष्कळ आहेत. त्याला मी छंद म्हणणार नाही. मी स्वतःला नियम घातलाय: हातातलं मॉडेल संपल्याशिवाय दुसरं किट नाही. वर्षाला दोन किट होतात. लग्नातल्या मंडपावर आणि बिर्याणीच्या डेगांवर आपण जे उधळतो त्याचा हिशेब कोणी मागत नाही, तेव्हा या दोन खोक्यांचा मागताना जरा थांबावं.

दुसरा आक्षेप माझ्या आपाचा, म्हणजे भाच्याच्या आईचा. तो मला आजही टोचतो. पाहुणे गेल्यावर मी तिला म्हणालो, त्यांनी पोरासमोर असं बोलायला नको होतं. ती म्हणाली, "त्यांचं बोलणं चुकलं. पण तू याला गॅरेजची गोडी लावतोस ते बरोबर आहे का? अब्बांची खोकल्याची रात्र मी जागून काढलीय. तू हॉस्टेलवर होतास."

खरं आहे. छातीएवढ्या टेबलावर वीतभर गाडी रंगवताना मी कार्बन फिल्टरचा मास्क लावतो, खिडकीत पंखा उलटा बसवलाय. अब्बांनी आख्ख्या गाड्या रंगवल्या त्या तोंडाला रुमाल बांधून, पत्र्याच्या शेडमध्ये. तेव्हाच्या रंगात थिनरचा मारा होता. आता गॅरेजात जो दोन भागांचा रंग वापरतात, त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडतो हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे, आणि साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही. पगार आठवड्याला हातावर, आजारी पडलं तर तोही नाही. पीएफ नाही, विमा नाही. आपाला पोराने शिकून या सगळ्यातून बाहेर राहावं असं वाटतं, त्यात कुठलाच कमीपणा नाही. ज्याने ते दिवस काढलेत त्यालाच हाताच्या कामाचं कौतुक ऐकून राग येतो.

म्हणून गॅरेजचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. उलट, अब्बांच्या फुफ्फुसांचं जे झालं ते कारागिरीमुळे झालं नाही. कारागिराला कोणी किंमत दिली नाही म्हणून झालं. मालकाला मास्क महाग वाटला, कारण पेंटर स्वस्त होता. आणि पेंटर स्वस्त होता, कारण ते काम न शिकलेल्याचं, नापासाचं काम असं सगळ्यांनीच धरलं होतं. आपणही. "हाथ काले होंगे तो अकल आएगी" हे वाक्य त्याच हिशेबातलं आहे.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवून दिलं की मुसलमान कामकऱ्यांमध्ये स्वतःच्या हुनरावर, स्वतःच्या छोट्या धंद्यावर जगणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. हा अहवाल आपण मागासलेपणाचा पुरावा म्हणून वाचतो, आणि तो आहेच. पण त्यातले लोक कोण आहेत? डेंटर, पेंटर, वेल्डर, सीट शिवणारे, विणकर, सुतार. एवढं हातातलं ज्ञान ज्या समाजात आहे, त्या समाजात ते ज्ञान शिक्षा म्हणून पोराच्या गळ्यात बांधलं जातं. मग शाळेत रमणाऱ्या पोराला ते हलकं वाटतं आणि गॅरेजात गेलेल्याला आपण हरलो असं वाटतं. नुकसान दोघांचंही होतं.

ज्या छोट्या गाड्यांचं आपण कौतुक करतो, त्यांचा जन्मही कारखान्यातल्या हातांतूनच झालाय. लंडनच्या लेस्नी कंपनीतला जॅक ओडेल हा साच्यात धातू ओतण्याचं काम स्वतःच्या हिमतीवर शिकलेला माणूस. त्याच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायची परवानगी होती. १९५२ मध्ये त्याने तिला पितळेचा छोटा रोडरोलर करून दिला, आणि त्यातून मॅचबॉक्स गाड्या निघाल्या. जपानमधल्या शिझुओकाची तामिया कंपनी १९४६ मध्ये लाकडाची वखार म्हणून सुरू झाली. तिने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ चं १:१२ चं किट काढलं. त्या कामासाठी त्यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेऊन तिचा पुर्जा न् पुर्जा सुटा केला होता. लहान गाडी बनवायची तर मोठी उघडून बघावी लागते. आणि मोठी उघडून बघायची संधी आपल्याकडे कोणाला रोज मिळते, तर गॅरेजातल्या पोराला.

आजही नव्या गाडीचा आकार संगणकावर ठरल्यानंतर डिझाइन स्टुडिओत तिचं मातीचं मॉडेल करतात. लहान प्रमाणात, मग पूर्ण आकारात. असे स्टुडिओ आपल्या पुण्यातही आहेत. तिथला क्ले मॉडेलर पृष्ठभागावरची लहर कशी शोधतो? हात फिरवून. अब्बांनी शोधली तशीच.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. ज्या पोराच्या हातात काम आहे त्याला ते शिक्षा म्हणून देऊ नका, आणि त्याला शाळेतूनही काढू नका. त्याला दहावी होऊ द्या. आयटीआयमध्ये गाडीच्या बॉडीची दुरुस्ती आणि बॉडी पेंटिंग असे स्वतंत्र ट्रेड आहेत. ते एक-एक वर्षाचे आहेत. पुढे डिप्लोमाची वाट आहे. अब्बांकडे जे नव्हतं ते त्याला मिळू द्या: मापाची भाषा, ड्रॉइंग वाचायची सवय, कामाचं प्रमाणपत्र, आणि मास्क मागायची हिंमत. ज्यांची स्वतःची गॅरेजं आहेत अशांनी, आणि आपल्यात असे बरेच आहेत, आपल्या पेंटरला योग्य मास्क आणि हवेशीर जागा द्यावी. सरकारने द्यावी तेव्हा द्यावी. आपल्या शेडमध्ये त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.

आणि ज्यांची पोरं हुशार आहेत, पहिल्या नंबरात येतात, त्यांच्याही हातात एकदा एखादं किट द्या. महाग नको, साधं. एक रेघ सरळ कापायला किती वेळ लागतो, एक पृष्ठभाग सपाट करायला किती घासावं लागतं, हे कळलेलं पोर गॅरेजातल्या माणसाला "ए पेंटर" म्हणणार नाही, अशी माझी आशा आहे. मला हे कळायला दहा वर्षं आणि बरीच किटं लागली.

आपा अजून पूर्ण तयार नाही. "दहावी तर होऊ दे," एवढंच म्हणते. मी तिच्याशी वाद घालत नाही. भाचा गणिताची वही घेऊन रविवारी येतो, तास-दीड तास ती होते, मग टेबल मांडतो. टॅक्सी कपाटातून बाहेर काढलीय. मागच्या दारावरची लहर काढायची तर त्या बाजूचा रंग उतरवून पुन्हा पुट्टीपासून सुरुवात करावी लागणार. मी म्हणालो, राहू दे, कोणाला दिसते? भाचा म्हणाला, "नानांना दिसली ना."

अब्बा खुर्ची ओढून शेजारी बसतात. रंगाची बाटली उघडायच्या आधी पोरगा उठतो, खिडकी उघडतो आणि पहिला मास्क त्यांच्या हातात देतो.